होडीच्या फोटोवर आमच्या घराचं मत

हॅलो?… हो, ताई, बोल… हो… हो… अगं, श्वास तरी घे… बरं, आमचे हे तुझ्याकडे आलेत, कळलं. पण मला बोल लावायच्या आधी ह्यांच्या पदरात काय पडणार होतं ते ऐक. संस्थेच्या दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर ह्यांच्या वडिलांचा फोटो. फोटोखाली नाव. आज चारला त्यावरचा पडदा ह्यांच्या हातून सरकायचा, मग ह्यांचं भाषण, आणि तिथून पुढे जन्मभर प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेतली खुर्ची. एवढं सगळं काल एका संध्याकाळीत हातचं गेलं. आता बोल…

शेवटच्या बसने आले? मला वाटलंच. जेवले का?… दोनदा भात मागून घेतला? मग काळजी नको. राग अजून पोटापर्यंत पोचलेला नाही.

काय?… कोण बेकरीवाला?… ताई, तुला त्यांनी नेमकं काय सांगितलंय?… 'तिने भर सभेत बेकरीवाल्यासाठी हात वर केला.' बस? एवढंच सांगून झोपले? आणि तू रात्रभर काय काय समजून बसलीस… अगं, त्या काकांनी ऐंशी ओलांडलीय. दोन जिने चढायला त्यांना दोघांनी धरावं लागलं… हसू नकोस, दाजींनाही तेच सांगितलं असशील तर आधी जाऊन दुरुस्त कर.

अगं ऐक ना, पहिल्यापासून सांगते. आमची ती गावच्या इतिहासाची संस्था… हो, जुन्या पोस्टाच्या वरच्या मजल्यावरची. जिथे मी कार्यक्रमाला खुर्च्या मांडते आणि पडद्यावर फोटो दाखवायचं यंत्र चालवते, तीच. दर महिन्याला 'चेहरे ओळखा' असतं. बंद पडलेल्या स्टुडिओतले जुने फोटो पडद्यावर दाखवायचे, लोकांनी सांगायचं हा कोण, ती कोण. आमचा नियम असा की तीन वेगवेगळ्या घरांतल्या तिघांनी एकच नाव सांगितलं, की ते पक्कं. मग फोटोखाली छापायचं… पुरावा? पुरावा कसला मागतेस, ताई. पुरावा मागितला तर संस्थेत अध्यक्षांशिवाय कुणी उरणार नाही.

तर काल होडीचा फोटो होता. मोठ्या पुरातला… हो, तोच पूर, माझं लग्न झाल्यापासून तूही ह्यांच्या तोंडून ऐकतेयस. एक तरुण होडी वल्हवतोय. टोपी नाकापर्यंत ओढलेली, नुसती हनुवटी दिसते. होडीत पाचसहा माणसं. मागच्या बाजूला कुणीतरी म्हातारी डोक्यावरून शाल घेऊन बसलेली. आमचे हे उठले आणि म्हणाले, हे माझे वडील, वल्हं त्यांच्याच हातात आहे. लगेच सलूनवाला उठला, म्हणाला, हो, तेच. मग मेडिकलवाला. झाली तीन घरं. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या.

आता तूच सांग. हे पुराच्या पुढच्या वर्षी जन्मले, सलूनवाला त्यानंतर, आणि मेडिकलवाल्याचे आईवडील तेव्हा एकमेकांना ओळखतही नव्हते. तीन मतं, आणि तिघांपैकी एकही माणूस त्या वर्षी जगात नव्हता. पण नियमात तसं काही लिहिलेलं नाही.

नाही, थांब, बेकरीवाले काका आता येतात. ते मागून उठले, काठी टेकली, आणि हळूच म्हणाले, "तो मी आहे."

हॅलो? ऐकतेयस ना?… हो, स्वतः. फोटोतला माणूस स्वतः सभागृहात बसलेला. आणि अध्यक्ष त्यांना काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, काका, हे झालं एक मत. अजून दोन घरं आणा… खरंच गं. मस्करी नव्हे, ते अगदी गंभीरपणे म्हणाले. काका इकडेतिकडे बघायला लागले. बायको गेली, भाऊ गेला, कोणाला उठवणार? तेवढ्यात दवाखान्यातल्या जुन्या नर्सबाई उठल्या, म्हणाल्या, आमच्या घरातल्यांनाही ह्यांनीच आणलं होतं, माझा मोठा भाऊ सांगायचा. झाली दोन. आणि मग… मग आमच्या सासूबाई उठल्या.

हो, सासूबाई. ह्यांनीच हौसेने आणून पहिल्या रांगेत बसवल्या होत्या. उठल्या आणि म्हणाल्या, "होडी त्यानेच चालवली. मी होते होडीत. नवी नवरी होते. आणि ती मागे शाल घेतलेली म्हातारी नाही. ते माझ्या ह्या मुलाचे वडील."

… हं… हो. मलाही तसंच झालं होतं. सभागृहात कुणी हसलं नाही, एवढं बरं. पाण्याला घाबरायचे गं मामंजी, डोळे गच्च मिटून शालीत शिरले होते.

पण गोंधळ तर पुढेच आहे. ह्यांची तीन घरं झाली आणि काकांचीही तीन घरं झाली. दोघंही पक्के. अध्यक्ष आधी खूश झाले, मग त्यांचा चेहरा पडला, कारण वल्हं एकच. मग त्यांच्या लक्षात आलं की आमचं घर दोन्हीकडे आहे. मुलगा इकडे, आई तिकडे. म्हणाले, एका घराचं मत एकच धरायचं, घरात अजून कोण आहे?

आणि सगळ्या खुर्च्या मागे वळल्या. मी यंत्रापाशी उभी.

… अगं, गप्प बसता आलं असतं हे मलाही कळतं. म्हणशील, तूही तेव्हा जन्मली नव्हतीस. हो, नव्हते. पण यंत्रावर फोटो मोठा करून मीच बघत होते ना. शालीतून एक हात बाहेर आलेला, होडीची कड घट्ट धरलेला. अंगठा मागे वळलेला. ह्यांचा तसाच आहे, आमच्या मुलाचाही. सासूबाई एकट्या खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. मी हात वर केला. हे उठले, मेडिकलवाल्याच्या चपला घालून निघून गेले… तुझ्या दारात तपकिरी चपला आहेत ना? त्याच त्या. तो बिचारा घरी अनवाणी गेला.

अध्यक्ष? त्यांचं वेगळंच. सकाळीच दारात हजर. फोटो ओळखायच्या आधीच निमंत्रणपत्रिकेत छापून गेलंय, वीर नावाड्याच्या सुपुत्राच्या हस्ते अनावरण. आता त्यांना कळेना सुपुत्र कुठून आणायचा. काकांना मुलगा नाही, दोन्ही मुलीच. मग म्हणाले, तुमच्या ह्यांनाच येऊ द्या, ते फोटोतल्या कुणाचे तरी सुपुत्र आहेतच. मी म्हटलं, ते तर आपण सगळेच… ते जाऊ दे. आता हे चारला येणार की नाही, एवढंच मला हवंय. नाही आले तर पुन्हा कधी त्या जिन्याने चढायचे नाहीत, आणि सासूबाईंशी बोलायचेही नाहीत. स्वभाव माहीत आहे ना. आणि त्या कालपासून जेवल्या नाहीत.

दे, त्यांच्याकडे दे… अगं, दे तर. झोपेचं सोंग असेल.

… हॅलो? अहो, ऐकताय?… बोलू नका, नुसतं ऐका… नाही, आई ठीक आहेत… नाही, त्यांनी सूड वगैरे काही घेतलेला नाही. कशाचा सूड घेतील?… का बोलल्या? रात्री मी तेच विचारलं. पदरात तोंड घालून बसल्या होत्या. म्हणाल्या, तो माणूस स्वतःच्या फोटोसाठी साक्षीदार शोधत होता, मला बघवेना.

नाही, मामंजी कधीच खोटं बोलले नाहीत. तेच सांगतेय. त्यांनी तुम्हाला होडीची गोष्ट कधी सांगितली होती? नीट आठवा… बघा. तुम्ही दुसरीत होतात. वर्गात पुराचा विषय निघाला आणि तुम्ही उठून सांगितलंत, माझ्या बाबांनी होडी चालवली. गुरुजी शाबासकी द्यायला घरी आले. तुम्ही मामंजींचं बोट धरून उभे होतात म्हणे, मान वर करून बघत. त्यांच्या तोंडून 'नाही' निघालं नाही… एवढंच. एकदा गप्प बसले, मग कायमचे.

… हो, आईंनीच सांगितलं.

अजून एक आहे. काकाही आले होते सकाळी. भांडायला नाही हो. त्यांना एकच विचारायचं होतं. म्हणाले, तुमचे सासरे माझ्याकडून रोज पाव न्यायचे, मग एकाएकी बंद का झाले? एवढी वर्षं त्यांना वाटत होतं पाव बिघडला. त्यापायी पीठवाला बदलला, भट्टी नवी बांधली… मी काय सांगणार? आईंनी सांगितलं. ज्या दिवशी गुरुजी घरी आले, त्या दिवसापासून मामंजी त्या गल्लीतून गेले नाहीत. पाव आणायला रोज पुलापलीकडे जायचे. उन्हात, पावसात, गुडघे दुखायला लागल्यावरसुद्धा.

… हो. हो, तुम्हीच सांगायचात ना मला, बाबांना लांबचाच पाव आवडायचा म्हणून.

… अहो… रडताय का?… बरं, नाही विचारत.

नाही, तुमचा दोष कुणी काढत नाही. तुम्ही दुसरीत असताना बोललात, त्याचा जाब कुणी विचारत नसतं. काकांनी विनाकारण चांगली भट्टी पाडली. आईंनी तोंड मिटून ठेवलं. आणि मामंजी चालत राहिले, मरेपर्यंत… हो, चालतच फेडलं त्यांनी.

… दहाची मिळेल? मग चारच्या आत पोचाल… हो, आईंना सांगते… हं, मेडिकलवाल्याच्या चपला घेऊन या. ठेवते.