चार बोटांचं माप

दवाखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांत थेंब घालून सगळ्यांना डोळे मिटून बसवलं होतं. त्यामुळे बाकावरच्या एका बाईंना शेजारचे दोघे भाऊ दिसले नाहीत, फक्त ऐकू आले.

“दादा, हल्ली तळ्यावर गेला होतास?”

“कशाला? बेडूक मोजायला?”

“बाबांच्या जाळ्याचं भोक चार बोटं रुंद असायचं. त्यातून निसटेल तो मासा तळ्याचा, म्हणायचे.”

“आणि तू म्हणालास, एवढा एक हंगाम दोन बोटांचं करू.”

“विणलं कुणी पण?”

“मीच रे, मीच. धाकट्याचे लाड करायची खोड ना!”

“मग पलीकडच्या काठावरच्यांनी दीड बोटाचं केलं.”

“आणि आपण एका बोटाचं. पिल्लंसुद्धा ठेवली नाहीत रे आपण.”

“म्हणून तर तळं रिकामं झालं.”

“ऑपरेशन झालं की चार बोटांचं जाळं विणायला घेतो.”

“आता? त्यात सापडणार काय, शेवाळ?”

“सापडायला नाही. नातवाला माप तरी माहीत असू दे. कधीकाळी मासे आलेच, तर...”

“पण बाबांची बोटं केवढी जाड होती, दादा. आपली चार कमी पडतील.”

“मग पाच धरू.”

बाईंनी मिटल्या डोळ्यांनीच मांडीवर आपली बोटं जुळवून पाहिली.