टाकीखालची खोली

सरपंच आप्पा, जमलेल्या आयाबहिणींनो, आणि समोर बसलेल्या सोनामामी,

या शोकसभेत मीही बोलायला उभी राहिलेय. धोंडीमामांबद्दल सगळे चांगलं बोलले. ते खरंच आहे. मला जे सांगायचंय, ते अजून कुणालाच ठाऊक नाही.

मी तुमच्या उपकेंद्रातली सिस्टर. रोज सकाळी मामा गावाच्या टाकीत जंतुनाशक पावडर टाकायचे आणि बाटलीभर पाणी तपासायला माझ्याकडे आणायचे. तपासणीच्या औषधाचा थेंब टाकला की पाणी पिवळं व्हायचं. "रोज हळद लावताय, सिस्टर. लगीन कवा लावणार?" म्हणायचे.

पावडरीची पोती टाकीखालच्या खोलीत असायची. शेजारीच संडास धुवायच्या ॲसिडचे कॅन. मी म्हटलं, "मामा, ही दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू होतो. वेगळी ठेवा."

"मंग आसिड कुठं ठिऊ? माज्या उशाला?"

दुसरी खोली मंडपाच्या सामानानं भरलेली. मी हसले. हसले आणि निघून गेले. पंचायतीला लेखी दिलं नाही.

मामा गेले त्या दुपारी मी केडगावला मीटिंगमध्ये होते. मामांचा फोन आला. "सिस्टर, कॅन फुटला. आसिड समदं खाली."

मी हळूच म्हटलं, "चुना टाका."

"चुना न्हाई हितं. पावडर हाय. ती टाकू?"

समोर साहेब बोलत होते. सगळे वळून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "टाका, मामा."

मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. बाहेर या, लांब व्हा, कुणाला आत जाऊ देऊ नका. एवढंच म्हणायचं होतं. एवढंही म्हटलं नाही.

मामी डबा घेऊन गेल्या, तेव्हा मामा उंबऱ्यात पडले होते. त्या वासानं मामींना जवळही जाता येईना. माणसांनी तोंडाला ओली फडकी बांधून त्यांना ओढून काढलं. दौंडच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

गाव म्हणतंय, मामांनी चूक केली. नका म्हणू. त्यांनी विचारलं होतं. विचारूनच केलं होतं.

काल दुसरी खोली रिकामी करून उरलेले कॅन तिथं हलवले. तासाभरात झालं. तासाभराचंच काम होतं.

मामी, तुम्ही मला दोनदा विचारलंत, फोनवर शेवटचं काय बोलले. मी मान खाली घातली. "बरं, सिस्टर," म्हणाले. एवढंच.

आता आपण सगळे थोडा वेळ शांत उभे राहू या. मामी, तुम्ही बसूनच राहा. नंतर तुम्हाला मला जे सुनवायचं असेल, ते इथंच सुनवा, सगळ्यांसमोर. मी थांबते.