बार्शीच्या सुया

येरमाळ्याच्या स्टँडवर सुमनबाई एस.टी.ची वाट बघत बसली होती. पाठीमागं दोन म्हाताऱ्या बोलत होत्या. दुष्काळातही त्यांच्या जिभा काही सुकल्या नव्हत्या.

"दोन्ही सुना घेऊन कुठं निघालीस, गंगम्मा?"

"बार्शीला. लेकरू व्हावं म्हणून दोघींच्या गोळ्या चालूच हैत. वर सुया टोचून घेतल्या की गोळ्यांना जोर येतो म्हणत्यात."

"दुखत आसंल की गं."

"दुस्काळी कामावर खडी फोडत्यात दोघी. सुईचं काय दुखतंय?"

"थोरलीला मूल न्हाय म्हणून लेकाला ही धाकटी आणलीस ना?"

"व्हय. ही बी तसलीच निघाली. आता तिसरी बघावी म्हणते."

"आन् तुझ्या रेवणप्पाला दाखवलं का डाक्टरला?"

"त्याला कशापायी? पोरगं न्हानपणापास्नं सुईला लई भितंय."