पार्किंगमधलं ओडेसा

संध्या : बरं, म्हणजे बहीण नाही आली घ्यायला, बहिणीचा नवरा आला. चालते बापा.

रवींद्र : ताई, असं नका ना म्हणू. तुम्ही काल यायच्या होतात. काल नीलांबरी सुट्टी घेऊन तयार बसली होती. विमानच दिल्लीत एक दिवस अडकलं, त्याला कोण काय करणार? आणि आज शनिवार. आज तीन वाजता तिला हलणं शक्यच नव्हतं. बेल्ट लावलात?

संध्या : लावला. काय आहे तीन वाजता एवढं? शनिवारीही रक्त काढतात का तुमच्याकडे?

रवींद्र : लॅबचं काम नाहीये. म्हणजे सुरू झालं लॅबमधूनच... सांगू का? घरी, श्रूजबरीला पोचायला तास लागेल, तेवढ्यात होईल सांगून.

संध्या : सांगा. ती तर स्वतःहून काही सांगत नाही. दिवाळीला फोन करते, 'ताई, तब्येत बरी आहे ना?' झालं. चौदा वर्षं हेच चालू आहे.

रवींद्र : चौदा वर्षं का, ते तुम्हालाही माहितेय ताई.

संध्या : माहीत आहे. माझ्या निमिषच्या लग्नात बोलली मी. चार लोकांत बोलली. सात वर्षं रशियात डॉक्टरकी शिकली आणि अमेरिकेत लोकांचं रक्त काढत बसली. खोटं होतं का?

रवींद्र : रशियात नाही. ओडेसात. युक्रेनमध्ये.

संध्या : तेव्हा एकच होतं ना सगळं.

रवींद्र : तेव्हा होतं. आता आमच्या घरात 'रशिया' म्हणून बघा, जेवण मिळणार नाही. तर ऐका. गेल्या ऑक्टोबरमध्ये लॅबमध्ये एक आजी आल्या. रायसा नाव, वय एक्याऐंशी. लढाई सुरू झाल्यावर नातीनं इकडे आणलं त्यांना. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, इंग्लिशचा एक शब्द येत नाही. खुर्चीत बसल्या, पण हात काही पुढे करेनात. फोनवर दुभाष्या मिळेना. दोघी-तिघी दमल्या, मग नीलांबरीला हाक मारली. भाषेसाठी नाही हां. तिला भाषा येते हे तिथे कुणाला माहीतच नव्हतं. हात हलका आहे, म्हणून बोलावलं.

संध्या : हात हलका आहेच तिचा. लहानपणी घरात कोणाच्या पायात काटा गेला की तीच काढायची.

रवींद्र : तिनं आजींचं मनगट धरलं आणि रशियनमध्ये विचारलं, थंडी वाजतेय का? आजी दचकल्याच. तू कुठली? ही म्हणाली, नागपूरची. आणि भाषा कुठली? म्हणाली, ओडेसाची. झालं! आजी भडकल्या. खोटं बोलतेस म्हणाल्या.

संध्या : का बरं?

रवींद्र : त्या स्वतः ओडेसाच्या. पस्तीस वर्षं ट्राम चालवली त्या शहरात. म्हणाल्या, खरी असशील तर सांग. रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलीस, ट्राम बंद आहेत. समुद्रापर्यंत पायी कशी जाशील?

संध्या : मग?

रवींद्र : मग काय! दंडाला पट्टा बांधता बांधता आपल्या बाईसाहेब निघाल्या. स्टेशनसमोरचा सरळ रस्ता धरायचा, दोन्ही बाजूंना झाडं, सावलीतून चालत राहायचं. मोठा बाजाररस्ता आडवा आला की डावीकडे वळून बागेत जरा बसायचं, कारण एव्हाना पाय दुखायला लागतात. मग ऑपेरा हाऊसच्या मागून समुद्राकडच्या रस्त्यावर. तिथे ड्यूकचा पुतळा, बंदराकडे हात केलेला. त्याच्या पायाशी मोठ्या पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या खाली काळा समुद्र. तीन नळ्या भरून झाल्या, आजींना पत्ताच नाही. त्या पोचल्या होत्या समुद्रापाशी.

संध्या : तुम्ही होता का तिथं?

रवींद्र : मी कुठला! तिच्यासोबत काम करते त्या मुलीनं मला ग्रोसरी स्टोअरमध्ये गाठून सांगितलं. म्हणाली, मिस्टर रवींद्र, तुमची बायको काय बोलत होती आम्हाला कळलं नाही, पण आम्ही सगळ्या काम थांबवून ऐकत उभ्या होतो.

संध्या : हं.

रवींद्र : त्यानंतर दर शनिवारी दोघी तळ्याकाठी फिरायला जायला लागल्या. आजी हिच्या दंडाला धरून चालणार, आणि ही बोलणार. आज मेडिकल इन्स्टिट्यूटपासून बंदरापर्यंत, आज मंडई, आज समुद्रकिनारा. चालायचं मॅसॅच्युसेट्समध्ये, पोचायचं ओडेसाला. आजींच्या नातीनं कुणाला तरी सांगितलं, तिनं आणखी कुणाला. इथे जवळ, वूस्टरच्या बाजूला बरीच कुटुंबं आलीत तिकडची. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगपर्यंत पंधरा-वीस माणसं झाली.

संध्या : आणि तुम्हाला चालते हे? शनिवार-शनिवार बायको घरी नाही?

रवींद्र : खरं सांगू? मधे मीच तिला सोड म्हटलं होतं. लेसिया म्हणून एक तरुण आई आहे, तीही ओडेसाचीच. सहा वर्षांची मुलगी आहे तिला. नीलांबरी त्या मुलीशी रशियनमध्ये काहीतरी बोलली. लेसिया सगळ्यांसमोर म्हणाली, माझ्या लेकीशी या भाषेत बोलायचं नाही. ही भाषा बोलणारे आमच्या घरांवर बॉम्ब टाकतात.

संध्या : अगं बाई. पण हिचा काय दोष? हिला तीच शिकवली ना तेव्हा.

रवींद्र : मीही तेच म्हणालो. घरी आली तर गॅरेजमध्ये गाडीतच बसून राहिलेली. मी म्हटलं, सोड यार, कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस? तर म्हणाली, "माझी चूक नाही रवी. पण तिचीही नाही." आणि दुसऱ्या दिवसापासून युक्रेनियन शिकायला बसली. सत्तावन्नाव्या वर्षी! फ्रिजवर चिठ्ठ्या, आरशावर चिठ्ठ्या, पोळ्या लाटताना कानात इयरफोन. तिच्या वेळचे अर्धे रस्ते आता दुसऱ्याच नावाचे झालेत, ती नवी नावंही पाठ. मार्चमध्ये लेसियापुढे जाऊन उभी राहिली आणि स्टेशन ते समुद्र सगळी वाट युक्रेनियनमध्ये म्हणून दाखवली.

संध्या : आणि ती काय म्हणाली?

रवींद्र : अकरा चुका काढल्या तिनं. मोजून अकरा. आणि पुढच्या शनिवारी मुलीला घेऊन आली.

संध्या : लहानपणापासून अशीच आहे ती. बाबा नाही म्हणाले होते परदेशाला, तेव्हाही भांडली नाही. शिष्यवृत्तीचा कागद देवासमोर ठेवला आणि तीन दिवस काही बोललीच नाही. शेवटी बाबांशी मी भांडली. हिच्यासाठी भांडली. आणि तिनं इथं येऊन परीक्षासुद्धा पास केली नाही, याचंच तर वाईट वाटलं मला.

रवींद्र : कोण म्हणालं पास केली नाही?

संध्या : म्हणजे?

रवींद्र : सगळ्या परीक्षा पास झाली ताई. पहिल्या झटक्यात. त्यानंतर हॉस्पिटलात ट्रेनिंगची जागा मिळावी लागते, ती दोनदा मिळाली नाही. तिसऱ्यांदा मिळाली असती, एका ठिकाणाहून बोलावणं आलं होतं. पण त्याच वर्षी माझी नोकरी गेली आणि रुही सातव्या महिन्यात जन्मली. नीलांबरीनं हॉस्पिटलमधूनच त्यांना नकार कळवला आणि हाताला लागेल ती नोकरी धरली. त्या वर्षी आमचं घर तिनं उभं ठेवलं.

संध्या : मला का नाही सांगितलं हे? चौदा वर्षं मी...

रवींद्र : ती म्हणाली, सांगू नकोस, तुझी नोकरी गेली होती हे माझ्या माहेरी कशाला? आणि मी गप्प बसलो. मला सोयीचं होतं ते. निमिषच्या लग्नात तुम्ही बोललात तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, हातात ताट घेऊन. तेव्हाही गप्प बसलो.

संध्या : ही काच जरा खाली करा.

रवींद्र : ताई, पाणी देऊ? मागच्या सीटवर बाटली आहे.

संध्या : नको. तीन वाजता काय आहे, ते राहिलं.

रवींद्र : हां. त्या कुटुंबांतल्या मुलांपैकी कुणी दोन वर्षांचं असताना निघालं तिथून, कुणी तीन. गाव आठवतच नाही. फोनवर दिसतात ते पडलेल्या भिंतींचे फोटो. रायसा आजी म्हणाल्या, शहर फोटोत बघायचं नसतं, पायानं बघायचं असतं. म्हणून एका चर्चनं मागचं पार्किंग लॉट दिलं. आमची रुही सिटी प्लॅनिंगमध्ये आहे ना, तिनं बॉस्टनहून मापं काढून पाठवली, आणि दोन दिवस झाले, ही मंडळी डांबरावर खडूनं ओडेसा काढतायत. आज तीन वाजता नीलांबरी सगळ्या पोरांना घेऊन फिरवणार आहे. पायी.

संध्या : आता किती वाजले?

रवींद्र : अडीच. पण तिनं बजावलंय, ताईला आधी घरी ने, गरम पाणी काढून दे, वरणभात झाकून ठेवलाय.

संध्या : वरणभात कुठं जात नाही. गाडी चर्चकडे घ्या.

(चर्चमागचं पार्किंग. डांबरावर पांढऱ्या-निळ्या खडूचे रस्ते, चौक, झाडं. भोवती पन्नास-साठ माणसं.)

नीलांबरी : ताई! आली तू? थेट इथंच? अरे रवी, मी काय सांगितलं होतं तुला?

रवींद्र : मी फक्त ड्रायव्हर. ऑर्डर वरून आली.

संध्या : त्यांना नको बोलू. केवढं काढलं गं हे! पाय कुठं ठेवू मी? पुसून जाईल ना सगळं.

नीलांबरी : पुसू दे. रस्ता आहे तो, रांगोळी नाही. ये अशी. या रायसा आजी. तुझा हात मागताहेत, दे. त्यांना दिसत नाही ना, हातावरून ओळख करून घेतात.

संध्या : काय म्हणून राहिल्या?

नीलांबरी : विचारताहेत, तुझी बहीण आमचं शहर पहिल्यांदाच बघते आहे का?

संध्या : नाही म्हणून सांग.

नीलांबरी : नाही?

संध्या : ही बाग ना? इथं दोन सिंह असतात. सिंहिणीजवळ पिल्लं. उन्हाळ्यात लेकरं त्यांच्या पाठीवर बसतात, म्हणून पाठ चमकते. आणि इकडे वर चौक. चर्च पाडून रिकामा ठेवलेला. तिथं म्हातारे दिवसभर बुद्धिबळ खेळतात आणि हरले की टोपी आपटतात.

नीलांबरी : चर्च पुन्हा बांधलं गं त्यांनी नंतर... पण ताई, हे तुला कसं...

संध्या : तूच लिहिलं. दर रविवारी फिरून आली की लिहायची.

नीलांबरी : ती पत्रं बाबांच्या नावावर असायची. मला वाटायचं, उघडून कपाटात ठेवत असतील.

संध्या : आई शेवटचे आठ महिने उठली नाही पलंगावरून. दुपारचं जेवण झालं की मला म्हणायची, "चाल संध्या, फिरून येऊ." मग मी पत्र काढायची. स्टेशनापासून सुरुवात करायची. कधी बागेपर्यंत जायची आणि झोपून जायची. कधी पार समुद्रापर्यंत. एकदा मी तुला पत्रात विचारलं होतं, समुद्राचं पाणी खरंच काळं असते का.

नीलांबरी : आठवतं. मी हसले होते, ताई एवढी मास्तरीण आणि असं विचारते.

संध्या : ते आईनं विचारलं होतं.

नीलांबरी : मला कधी सांगितलं नाहीस तू.

संध्या : राग होता. ती गेली आणि तू नव्हती. तू येऊ शकत नव्हती हे समजत होतं, तरी राग होता. मग पुढं कायचा ना कायचा राग येतच गेला. तू किती परीक्षा पास झाली ते आज समजलं मला, गाडीत.

नीलांबरी : रवी!

रवींद्र : मी जरा पार्किंग बघून येतो.

संध्या : थांबा जी, पार्किंगमध्येच तर उभे आहोत आपण. नीलू, लग्नात मी चार लोकांत बोलली होती. इथं किती लोक आहेत?

नीलांबरी : साठेक असतील. जाऊ दे ना ताई.

संध्या : नाही. मी मराठीत बोलते, तू त्यांना सांग. म्हणावं, तुमचं शहर माझी बहीण पायी पायी फिरली. तिनं ते आमच्या आईला दाखवलं, नागपुरात, पलंगावर. आता तुमच्या लेकरांना दाखवून राहिली. ती डॉक्टर आहे. मी तिची मोठी बहीण, आणि मला तिचा फार अभिमान आहे.

नीलांबरी : माझंच कौतुक मी कसं गं भाषांतर करू?

संध्या : कर. पस्तीस वर्षं शाळा चालवली मी. एक शब्द गाळला तर चेहऱ्यांवरून समजेल मला.

रवींद्र : सांगितलं हां तिनं ताई, सगळं सांगितलं. आईंच्या पलंगाचंही. फ्रिजवरच्या चिठ्ठ्या वाचून एवढं युक्रेनियन मलाही कळतं. लेसिया बघा, डोळे पुसतेय. आणि आजी काय म्हणाल्या गं?

नीलांबरी : म्हणाल्या, उच्चार अजून कच्चे आहेत.

संध्या : बरोबर बोलल्या. सरावच पाहिजे.

नीलांबरी : चला, तीन वाजून गेले. पोरं केव्हाची स्टेशनवर उभी आहेत. ताई, तू इथं खुर्चीवर बस. शेवटी मोठ्या पायऱ्या आहेत, एकशे ब्याण्णव. लेसियाच्या लेकीनं एकूण एक काढल्यात, पार त्या कुंपणापर्यंत. तुझे गुडघे...

संध्या : तू पुढं चाल नीलू. मी येते तुझ्या मागून.