आठ आठवड्यांची ताई

— उठवत नाही मी पोरीला, आत झोपलीय. ती शिवायची कापडं सरकवा आणि बसा. काय विचारायचं ते मलाच विचारा, पाठ झालंय आता. नाव, वय, झोप लागते का, भूक लागते का, बाप घर सोडून कधी गेला, शाळा का बुडते. तुमच्या मेडिकल कॉलेजातून येणाऱ्या तुम्ही चौथ्या. पहिलीपुढं माझ्या भाचीनं तोंडच उघडलं नाही. दुसऱ्याला तिनंच आठवण केली — दादा, झोपेचं विचारायचं राहिलं. हसा, मीही हसले होते. आठ आठवडे भरले की तुमच्या वहीवर सही, तुम्ही पुढच्या वॉर्डात, आणि पोर पुन्हा नाव-वयापासून सुरू. राग? नाही हो, तुमच्यावर कशाला — आहे, का नसावा?

तिसरी ती चष्मेवाली. ती फॉर्म पिशवीतून काढायचीच नाही. दर रविवारी इथं फरशीवर बसून गणितं सोडवायची, स्वतःच चुकायची आणि पोरीची बोलणी खायची. महिनाभर पोर रोज शाळेत गेली — रोज, अंगात ताप असला तरी. मग तिचेही आठ आठवडे भरले. पोर चार रविवार दारात बसून होती, त्यानंतर दप्तराला हात नाही. सोमवारी परीक्षा आहे, बसली नाही तर शाळेतून नाव काढतील. विसरली ना ती ताई? सगळे विसरतात.

काय? तिनंच पाठवलं तुम्हाला? पोर फोनवर भेटतच नाही म्हणाली? — भेटेल कशी? तीनदा आला तिचा फोन. मीच म्हटलं, पोर बाहेर गेलीय. मग काय करू? सुटीच्या दिवशी येत जाईन म्हणाली. किती दिवस येणार होती? बापही असाच फोन करायचा, येतो, येतो — माझा भाऊच तो — आणि मी मूर्खासारखी दर वेळी पोरीच्या हातात फोन द्यायची. ती बूट घालून बसायची, संध्याकाळपर्यंत. मला पुन्हा ते बघवलं नसतं. म्हटलं, एकदाच काय ते रडून घेऊ दे. चुकलं असेल माझं. पण हे लिहू नका तुम्ही, पेन ठेवा खाली, आणि तिला तर यातलं —

कधीपासून उभी आहेस गं तिथं?



फोन मशीनच्या खणात आहे. घे.

तुम्ही निघा आता, डॉक्टर.