अठरा तारखेचं उदाहरण

रिलीजवाला: ...तेच म्हणतोय मॅडम, ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचा कोड बरोबर आहे. चुकलंय ते डॉक्युमेंटेशनमधलं तुमचं उदाहरण. तीन तारखेला नेलेलं पुस्तक चौदा दिवसांनी सतराला परत यायला हवं. तुम्ही अठरा लिहिलंय.

मॅडम: अठरा का? बरं. वाचून सांगताय?

रिलीजवाला: वाचतंय कोण! टेस्टची कमांड दिली की कॉम्प्युटरच सगळी उदाहरणं चालवून बघतो. तुमचं जुळलं नाही, लाल झालं. झाडून सगळ्या ग्रंथालयांचं अपडेट अडकलंय आणि साहेब माझ्या डोक्यावर बसलेत.

मॅडम: मग किती वेळात फोन केलात?

रिलीजवाला: दोन मिनिटांत. का?

मॅडम: उगीच. अकरा वर्षं लिहितेय मी हे. कोडमधल्या प्रत्येक फंक्शनवर चार ओळी आणि एक उदाहरण. एकदाही फोन आला नाही.

रिलीजवाला: कारण एकदाही चुकलं नाही! मॅडमचं काम म्हणजे बघायलाच नको, असं म्हणतो आम्ही.

मॅडम: खरंय. कुणी बघितलंच नाही.

रिलीजवाला: एक मिनिट हं. काल दुपारपर्यंत हे हिरवं होतं. संध्याकाळी सहाला कुणीतरी बदललंय... तुम्हीच?

मॅडम: मीच.

रिलीजवाला: मुद्दाम? अहो, आमचा एक स्वल्पविराम चुकलेला चालत नाही तुम्हाला!

मॅडम: आज शेवटचा दिवस माझा. उद्यापासून रिटायर. घरून काम करायला लागून आठ वर्षं झाली, ऑफिसात मला ओळखणारं कुणी उरलं नाही. निरोपाचा मेल आला, तोही आपोआप जाणारा. म्हटलं, जाता जाता कुणाचा तरी आवाज ऐकावा. उदाहरण चुकलं तर फोन येणारच, एवढं ठाऊक होतं. आता लाज वाटतेय. पण काल फार एकटं वाटलं हो.



रिलीजवाला: सरळ फोन करायचात ना मला.

मॅडम: काय सांगून?

रिलीजवाला: हेच सांगून.

मॅडम: जाऊ दे. सतरा करून टाका. साहेब खोळंबलेत तुमचे.

रिलीजवाला: करतो.

मॅडम: झालं?

रिलीजवाला: नाही अजून. बोला तुम्ही.