सरक वं थोडी

आमच्या दादाचा तो पट्टा आठवते का तुमाले? दादाले दिसत नाही म्हणून मीच आणला होता. मनगटाले बांधायचा, समोर काही आलं का थरथरे.

ओसरीत वहिनी बाजेवर तांदूळ निवडत बसे. पट्टा थरथरला का दादा म्हणे, "सरक वं थोडी."

"तुमच्या पट्ट्याले मीच सापडली काय?" वहिनी म्हणे, अन् सरके.

मंग वहिनी गेली. तेरवी झाल्यावर आमी तिची बाज देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी दादा अंगणातून आत आला, तवा नेमका त्या जागी मी उभा होतो. पट्टा थरथरला.

"सरक वं थोडी," दादा म्हणाला.

"मी आहो दादा," असं म्हणायले मी तोंड उघडलं. मंग तसाच, आवाज न करता सरकलो.